बिनइंजिनाचं

लॉट एकतीस : ट्रेलर, पाव टन, दोनचाकी, जसा आहे तसा.
जसा आहे तसा म्हणजे
हौद्यात हातभर बाभूळ उगवलेली,
स्प्रिंगच्या पाट्यांत गांधीलमाश्यांचं पोळं,
उजवं टायर नुसतं नावाला.
मुरारच्या त्या मैदानात बाकीचे सगळे
किलोच्या हिशोबानं बघत होते.
मी रुमाल अंथरून खाली वाकलो.
अ‍ॅक्सल सरळ होता.

‘आणि ओढणार कोण?’ वसुधानं विचारलं.
आमच्याकडे स्कूटर आहे.

हजीऱ्याचा रामसेवक वेल्डर दोनदा फेरी मारून म्हणाला,
‘भाईसाहब, इसमें इंजन तो है ही नहीं।’
नाही.
म्हणूनच परवडलं.
इंजिनवाल्यांच्या नशिबी बिघाड फार;
याला फक्त गंज.

गंजलेल्या नटाशी भांडू नये.
आधी हळू ठोकावं, सहाही बाजूंनी,
मग डिझेल,
मग रात्र.
डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात,
हे मला तिसरा बोल्ट तुटल्यावर कळलं :
इतका वेळ मी ते सोडवतोय समजून
आवळत होतो.
वसुधा ओट्यावर शेंगा निवडत होती, काही बोलली नाही,
पण हसली.

आमच्या गावाचं नावच लष्कर.
छावणी पडली ती उठलीच नाही,
तंबूंच्या खुंट्यांना भिंती फुटल्या.
दोनशे वर्षं आम्ही इथं मुक्कामाला आहोत,
मराठीत भांडतो, हिंदीत भाजी घेतो.
ओढून आणणारे गेले,
ओढलेले राहिले.

रंग खरवडला. हिरव्याखाली हिरवा,
त्याखाली वाळूचा,
त्याखाली पुन्हा एक हिरवा, जरा काळपट,
आणि अवजारांच्या पेटीच्या झाकणाला, आतून,
खिळ्यानं कोरलेली दीड ओळ.
गोल गोल अक्षरं. मला येईनात.
रामसेवक म्हणाला, मंत्र असेल, राहू द्या.
तेवढी वीतभर जागा सोडून मी रेडऑक्साइड मारला.

दीड महिना तसंच.
मग नर्सिंग होमच्या लीलाम्मा सिस्टर
वसुधाचं बीपी बघायला आल्या,
जाताना चष्मा कपाळावर चढवून झाकणाशी वाकल्या.
मल्याळम, म्हणाल्या. आणि वाचलं :
‘उजवीकडचं बेअरिंग कुरकुरतं.
बघा.’

मला काय वाटलं होतं?
एखादं नाव, बायकोचं, गावाचं,
निदान एखादी तारीख.

पण उजवं मी उघडलंच नव्हतं.
डावं जाम होतं म्हणून त्याच्याच मागे लागलो,
उजवं फिरत होतं,
फिरतंय त्याला कोण विचारतं?
हब काढला. जुनं ग्रीस डांबरासारखं.
आतल्या रिंगवर नखाएवढा टवका उडालेला,
एक रोलर चपटा.
किती मैल, कुठल्या घाटात,
पाणी लादून की पीठ लादून, ठाऊक नाही;
कुणीतरी मागून येणारा तो आवाज ऐकत गाडी चालवली,
थांबायची सोय नसणार,
आणि थांबला तेव्हा खिळा शोधला.

नवं बेअरिंग ग्वाल्हेरात मिळालं नाही,
झाशीहून मागवलं.
तळहातावर ग्रीस घेऊन
रोलरांच्या फटीफटींत दाबत बसलो, भाकरी थापावी तसा.
चाक चढवलं, हातानं फिरवलं,
कान लावला.
काही नाही. कुठेच काही नाही.

मग त्या दीड ओळीखाली
मीही खिळा घेऊन लिहिलं : बघितलं.
अक्षर वाकडंच आलं, पत्रा जाड आहे.

आता दर सहा महिन्यांनी दोन्ही हब.
चाकं महिन्याला पाव फेरा फिरवायची,
नाहीतर टायर एकाच जागी बसतं.
हौद्याच्या तळाची बुचं पावसाळ्याआधी काढायची,
कडीला तेल.
जीप अजून नाही.

गल्लीत उभा असतो, पुढचा पाय टेकून.
थंडीत वसुधा त्यात गाद्या उन्हाला घालते;
मागचा फाळका उघडताना
साखळी हातात धरून ठेवते, शेवटपर्यंत,
आपटू देत नाही.